विचारून जावे, सांगून यावे



नाताळच्या सुटीत आमच्या दिलसुखनगरच्या धर्मग्रामातील एक कुटुंब मालवणास जाऊन आले. जानेवारीतील एका संध्याकाळी त्यांच्या घरी भोजनास जाण्याचा योग आला. कोकणातून आणलेल्या कोकमांची सोलकढी झाली होती, सुरमई तळली जात होती, आणि प्रवासाच्या गोष्टींना नुसता बहर आला होता. इतक्यात घरातील दहा वर्षांच्या चिरंजीवांनी आमचा हात धरून आम्हांस दिवाणखान्यातील काचेच्या कपाटापाशी नेले. शाळेतील बक्षिसांच्या मधोमध मुठीएवढा एक पांढराशुभ्र दगड ठेवला होता. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे त्यावर सर्वत्र नाजूक खाचा होत्या.

"फादर, हा दगड नाही बरं का," चिरंजीव म्हणाले. "हे प्रवाळ आहे. प्राण्यांचं घर. मला वाळूत सापडलं!"

त्या क्षणी आमच्या ओठांवर एक वाक्य आले होते. ते आम्ही गिळून टाकले आणि सोलकढीचा पेला उचलला. पोराचा आनंद, यजमानांचे अगत्य, पाने वाढलेली. अशा वेळी धर्मगुरूने पोलिसाची भाषा बोलू नये, अशी आम्ही आपल्या मनाची समजूत घातली. घरी परतल्यावर ती समजूत टिकली नाही. जे ठाऊक होते ते आम्ही सांगितले नव्हते. प्रवाळ हे इ. स. २००१ पासून आपल्या देशात वाघ आणि हत्ती यांच्या पंक्तीला बसलेले आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव असून ते जिवंत असो वा वाळूत पडलेले मृत कवच असो, घरी बाळगणे हा गुन्हा आहे. शिक्षाही किरकोळ नव्हे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांविषयीच्या गुन्ह्यास निदान तीन वर्षांचा कारावास सांगितला आहे.

आमच्या धर्मग्रामात असे कपाट एकच असेल असे आम्हांस वाटत नाही. म्हणून हा लेख.

आपल्या दिलसुखनगरापासून विजयवाड्याच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की वनस्थलीपुरम लागते. तेथील महावीर हरिण वनस्थली हे राष्ट्रीय उद्यान आपल्या मुलाबाळांच्या परिचयाचे आहे. तेथे भिंत आहे, फाटक आहे, तिकिटाची खिडकी आहे. परतताना काळविटाचे शिंग पिशवीत घालून आणावे असे आपल्यापैकी कोणाच्याही मनात येत नाही. त्या उद्यानास लागू असणारा १९७२ चा कायदाच मालवणच्या समुद्रासही लागू आहे. तथापि समुद्राला भिंत नाही. फाटक कोठे आणि तिकिटाची खिडकी कोणती, हे लाटांवर लिहिलेले नसते. आणि जेथे फाटक दिसत नाही तेथे आपण सर्व मोकळे आहे असेच समजतो.

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झाले. क्षेत्रफळ सुमारे २९.१२ चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठे नव्हे. त्यातील ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग हा गाभा. शिवछत्रपतींनी इ. स. १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्याची उभारणी आरंभिली तो सिंधुदुर्ग किल्ला, शेजारचे पद्मगड आणि भोवतालचे पाण्याखालील खडक हे त्या गाभ्यात येतात. त्या खडकांवर प्रवाळ वाढते, प्रवाळाच्या आश्रयाने मासे वाढतात, आणि त्या माशांवर किनाऱ्यावरील चुली पेटतात. प्रवाळ वाढते म्हणजे किती? वर्षाकाठी काही मिलिमीटर. चिरंजीवांच्या कपाटातील तो मुठीएवढा गोळा तयार होण्यास कित्येक वर्षे लागली असावीत.

आता परवान्याविषयी. कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते की, अभयारण्यात कामावरील सरकारी सेवक, तेथे स्थावर मालमत्तेचा हक्क असलेला मनुष्य, सार्वजनिक मार्गाने जाणारा वाटसरू आणि अशांची कुटुंबीय मंडळी वगळता इतरांनी परवान्यावाचून शिरू नये. अठ्ठाविसाव्या कलमात परवाना कशासाठी मिळेल ते मोजून सांगितले आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि तेथील रहिवाशाशी वैध व्यवहार. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात, निवासस्थानास धक्का न लावता केलेल्या चित्रपटनिर्मितीची भर पडली. वन्यजीव वा त्याचा आसरा यांस हात लावावयाचा असेल तर एकोणतिसावे कलम आडवे येते, आणि तेथे वाट फारच अरुंद आहे. हे परवाने देण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा. महाराष्ट्रात त्यांचे कार्यालय नागपुरास आहे. समुद्रात बुडी मारण्याची अनुज्ञा, जेथून समुद्र पाहावयाचा तर रात्रभर आगगाडीत बसावे लागते अशा गावाहून यावी, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. अर्थात वाघ अधिक असलेल्या प्रदेशात वन्यजीवांचे मुख्यालय असणे स्वाभाविकच होय.

एवढ्यावरही भागत नाही. किल्ला पुरातत्त्व खात्याचा, प्रवासी होडीचा परवाना सागरी मंडळाचा, मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय खात्याचा आणि पाण्याखालचे प्रवाळ वनखात्याचे. एकाच लाटेवर चार खात्यांची मालकी! सामान्य प्रवाशाने स्वतः अर्ज लिहिण्याचा प्रसंग सहसा येत नाही. परवाने होडीवाल्याचे आणि बुडी शिकविणाऱ्याचे असतात. प्रवाशाने ते आहेत किंवा नाहीत एवढे विचारावयाचे असते. परंतु तेवढेही आपण विचारीत नाही. भाजीवाल्यापाशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी आपली मंडळी, ज्याच्या भरवशावर लेकरास पाण्यात उतरवितो त्याचा कागद पाहण्यास संकोचतात. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचे प्राण गेले. होडीची नोंदणी, तिच्यावर किती माणसे चढवावी याची मर्यादा, प्रत्येकाच्या अंगावर तरंगते जाकीट, हे सारे परवान्याच्या अटींचेच पोटविभाग आहेत. तेव्हा परवाना केवळ माशांच्या रक्षणासाठी असतो, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

परवाना हा झाला जाण्यापूर्वीचा भाग. जाऊन आल्यावर काय, हा भाग लोकांच्या लक्षातच येत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका मुलीने प्राणिशास्त्राच्या पदवीसाठी समुद्रघोड्याचा अभ्यास हाती घेतला. समुद्रघोडा हाही पहिल्या अनुसूचीतील. तिचा अर्ज लिहिण्यास आम्ही थोडेसे साहाय्य केले, आणि या विषयाशी आमचा परिचय झाला तो त्यायोगे. कोणत्या जागी, किती दिवस, किती माणसे, कोणती उपकरणे, प्राण्यास हात लावणार की केवळ पाहणार, हे सर्व त्यात लिहावे लागले. हात लावावयाचा असता, तर बाराव्या कलमाप्रमाणे केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही लागली असती. परवाना आला, त्याच्या पाठीवरील अटींत शेवटची अट अहवाल सादर करण्याची होती. आठ दिवस मुलगी भरती-ओहोटीच्या वेळा साधून पाण्यात उतरली. एकही समुद्रघोडा दिसला नाही. हिरमुसली होऊन ती आम्हांस म्हणाली, "फादर, काहीच मिळालं नाही. आता अहवाल तरी कशाचा लिहू?"

सरकारी मराठीत एक सुंदर शब्द आहे: निरंक. काही आढळले नाही, हे सांगण्यासाठीही रकाना असतो आणि तो रिकामा सोडावयाचा नसतो. आम्ही तिला निरंक अहवाल लिहावयास सांगितले. अमुक खाडीत, अमुक तारखांस, इतके तास शोध घेतला, समुद्रघोडा आढळला नाही. त्या कागदाचे मोल आम्हांस तेव्हा पुरते उमगले नव्हते. पुढे विचार केला तेव्हा कळले. ज्या समुद्रावर दहा वर्षे कोणीच निरंक लिहिले नाही, तेथील प्राणी केव्हा नाहीसा झाला हे कोणास कसे कळणार? आहे याची नोंद आनंदाने होते. नाही याची नोंद होत नाही, आणि मग एके दिवशी सर्वजण अचंबा करतात.

कायद्याने तर ही सांगण्याची जबाबदारी परवानाधारकावरच नव्हे, तर अभयारण्यात राहणाऱ्या प्रत्येकावर टाकली आहे. सत्ताविसाव्या कलमाच्या दुसऱ्या भागात म्हटले आहे की, रहिवाशाने गुन्हा होऊ देऊ नये, गुन्हेगार शोधण्यास साहाय्य करावे, आग विझवावी, आणि वन्यप्राणी मेल्याचे आढळल्यास ते कळवून अधिकारी येईतो त्याच्या अवशेषांची राखण करावी. भर उन्हात वाळूवर येऊन पडलेल्या मेलेल्या कासवाची राखण! ती कोण करणार? शहरातील प्रवासी तर परतीच्या गाडीत बसलेला असतो. राखण करावयाची ती किनाऱ्यावरच्या मच्छीमाराने.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. ज्याच्याकडून सांगण्याची अपेक्षा केली, त्यास आधी कोणी विचारले होते काय?

फार वर्षांपूर्वी सेमिनरीतील एका सहाध्यायाच्या ओळखीने आम्ही मालवणास राहिलो होतो. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली. होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकावयाचे, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणावयाचे आणि दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगांनी ते ओढावयाचे. बायामाणसे, म्हातारे, शाळेत जाण्यापूर्वी आलेली पोरे, सर्वांचा हात त्या दोरास लागतो, आणि आलेल्या मासळीत ज्याचा त्याचा वाटा ठरलेला असतो. मासळी वाटली जात असता आम्ही एका वृद्ध रापणकराजवळ अभयारण्याचा विषय काढला. तो दोर गुंडाळीतच म्हणाला, "फादर, दर्यात जावक माझ्या बापाशीन कधी कोणाक इचारल्यान नाय. आता मी कोणाक इचारू?"

त्याच्या बोलण्यातील राग आम्हांस त्या वेळी अडाणीपणाचा वाटला होता, हे आज कबूल करणे भाग आहे. पुढे कायदा वाचला तेव्हा त्या रागाचे मूळ सापडले. प्रादेशिक समुद्रात अभयारण्य करावयाचे असेल तर त्याच्या सीमा नौदलाच्या मुख्य जलालेखकाच्या विचाराने ठरवाव्या, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताच्या रक्षणाची पुरेशी तजवीज केल्यानंतरच ठरवाव्या, असे स्पष्ट शब्द कायद्यात आहेत. त्याच ठिकाणी, निर्धोकपणे जाणाऱ्या होडीच्या वाटेस अधिसूचनेने बाध येणार नाही, असेही म्हटले आहे. शब्द उत्तम आहेत. परंतु ते कायद्यात आले १९९१ च्या दुरुस्तीने, आणि मालवणचे अभयारण्य झाले १९८७ साली. चार वर्षांचे हे अंतर त्या म्हाताऱ्याच्या आवाजात होते. घोषणेपासून मच्छीमारांनी विरोध केला आणि अभयारण्य बरेचसे कागदावरच राहिले. त्यात प्रवाळाचेही हित झाले नाही, मच्छीमाराचेही नाही. ज्या मोठ्या यांत्रिक नौकांविरुद्ध पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करीत आले, त्यांच्याविरुद्ध वनखाते आणि रापणकर एका बाजूस उभे राहू शकले असते, ही आमची खंत आहे.

मच्छीमारास आधी विचारले तर काय होते, याचे एक उदाहरण सुदैवाने महाराष्ट्रातच आहे. डिसेंबर २०१८ मध्ये राज्यात एक योजना सुरू झाली. जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्यास जिवंत सोडले, तर फाटलेल्या जाळ्यापोटी त्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी प्राणी सोडतानाचे छायाचित्र वा चलचित्र काढून खात्याकडे अर्ज करावयाचा. वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे चित्र आणावे. पहाटेचा अंधार, हेलकावणारी होडी, जाळ्यात अडकून धडपडणारा अजस्र जीव. एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात मोबाईल. जाळे कर्जाचे आहे. दिवसाची मासळी निसटून जाणार आहे. तरी माणसे जाळी कापतात, आणि किनाऱ्यावर येऊन तसे सांगतात. पूर्वीही कित्येकजण कासव सोडून देत असतच. फरक इतकाच की आता त्याची नोंद राहते आणि कोणता प्राणी कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यात अडकतो हे कळू लागते. हेच सांगणे धाकाने मागितले असते तर मिळाले असते काय?

दूरदेशीही या विषयाचा पुष्कळ खल झाला आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफ हे प्रवाळक्षेत्र ३,४४,४०० चौरस किलोमीटरचे. आपल्या मालवणशी त्याची तुलनाच नको. तेथे नकाशावर निरनिराळ्या रंगांचे पट्टे पाडले असून २००४ पासून सुमारे एकतृतीयांश भागात मासेमारी वर्ज्य आहे. प्रवाशांना नेणाऱ्या नौकाचालकास वही ठेवावी लागते. कोणत्या दिवशी किती माणसे नेली ते लिहावे लागते आणि त्या हिशेबाने शुल्क भरावे लागते. वही न ठेवणाऱ्याचा परवाना धोक्यात येतो. हवाई बेटांच्या वायव्येस अमेरिकेने २००६ मध्ये राखून ठेवलेल्या विस्तीर्ण सागरात तर, न थांबता केवळ ओलांडून जाणाऱ्या जहाजासही आत शिरण्यापूर्वी निदान ७२ तास आधी कळवावे लागते, आणि बाहेर पडल्यावर १२ तासांच्या आत पुन्हा कळवावे लागते. परंतु आम्हांस सर्वांत अधिक भावली ती तेथील परवान्यांच्या यादीतील एक स्वतंत्र जात: मूळ हवाईयन लोकांच्या परंपरागत आचारांसाठीचा परवाना. ज्यांच्या वाडवडिलांची वाट त्या पाण्यातून गेली, त्यांच्यासाठी कायद्याने वेगळे दार ठेवले आहे. रापणकरासाठी असे दार ठेवणे आपल्याकडे अशक्य का व्हावे?

हैदराबादच्या वाचकांस वाटेल, समुद्र आपल्यापासून कोठे? वस्तुतः तो आपल्या शहरात रोज येतो. प्रगतीनगरास असलेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ पासून काम करीत आहे. मासळी कोठे आढळण्याचा संभव आहे आणि कोणत्या किनाऱ्यावर उंच लाटा उसळतील, ही सूचना देशभरच्या मच्छीमारांस येथूनच जाते. त्सुनामीचा इशाराही येथूनच निघतो. मालवणच्या होडीतील माणसाच्या हातातील संदेश आपल्या शहरातून गेलेला असतो. तेव्हा त्याच्याकडून आपल्याकडे काही आले, तर ते काय आणि कसे आले, हे पाहणे आपणांस दूरचे वाटू नये.

जी कुटुंबे येत्या सुटीत कोकणात जाणार असतील त्यांस दोन शब्द. पावसाळ्यात किल्ल्याची प्रवासी वाहतूक आणि बुड्या बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारीही बंद असते. त्या दिवसांत कोणी गुपचूप नेण्याची तयारी दाखविली तर ती कृपा समजू नये. पाण्याखाली उभे राहावयाचे झाल्यास वाळूवर राहावे, खडकावर पाय देऊ नये. तो खडक बहुधा खडक नसतो. होडीवाला प्रवाळावर नांगर टाकीत असेल तर त्यास सौम्यपणे विचारावे. विक्रीस मांडलेल्या शंखांपैकी काही जाती संरक्षित आहेत आणि त्या ओळखणे आपल्या आवाक्यातले नाही. म्हणून शंख न घेतलेलाच बरा. मेलेले वा जखमी कासव दिसले तर छायाचित्र काढून पुढे चालू लागू नये. जवळच्या मच्छीमारास वा वनखात्यास कळवावे.

राहता राहिले ते काचेचे कपाट. दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर आम्ही त्या गृहस्थांस बाजूस घेऊन सर्व सांगितले, आणि त्या संध्याकाळच्या आमच्या मौनाबद्दल क्षमाही मागितली. गृहस्थ घाबरले. घरी सल्लामसलत झाली. एका काकांनी ते रात्री हुसेन सागरात टाकून देण्याचा तोडगा सुचविला. आजी म्हणाल्या, तुळशीच्या कुंडीत पुरा. धर्मग्रामातील एका वकिलांनी, अजाणतेपणाची सबब कायदा मानतोच असे नाही, तरीही लपविण्यापेक्षा स्वतः होऊन लेखी कळविणे सर्व दृष्टींनी बरे, असा अभिप्राय दिला. गृहस्थ दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला आणि आम्हांस सोबत येण्याची विनंती केली. चिरंजीवही निघाले.

वनखात्याच्या कार्यालयातील अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला. प्रवाळ हातात घेऊन उलटसुलट पाहिले, आणि स्वतःहून असे कोणी आणून दिल्याचे आपल्या आठवणीत नाही, असे ते म्हणाले. मग त्यांनी एक छापील कागद पुढे केला. त्यात सापडल्याची तारीख आणि ठिकाण यांचे रकाने होते. गृहस्थांनी लेखणी उचलली तेव्हा चिरंजीवांनी ती मागून घेतली. तारीख त्यांस आठवत होती. ठिकाणाच्या रकान्यात त्यांनी प्रथम 'मालवण' लिहिले, थोडा विचार केला आणि पुढे लिहिले: 'भरती ओसरल्यावर, ओल्या वाळूत, जिथे रापण ओढतात तिथे.'